खंडेनवमीला धुतलेलं इंजिन

जोतीराम ड्रायव्हर घरात जेवत नसे. मंगळवार पेठेतल्या त्याच्या दोन खणांच्या घरात चूल होती, पाट होता, पितळी होती. सकाळी तो स्वतः भाकरी थापायचा, वाकडीतिकडी का असेना. पण ती फडक्यात बांधून स्टेशनजवळच्या मोटार स्टँडवर न्यायचा आणि दुपारी आपल्या गाडीत, ड्रायव्हरशेजारच्या जागेवर बसून खायचा. कुणी टोकलं तर म्हणायचा, "गिऱ्हाईक आलं तर?" भर दुपारी मोटार करून फिरणारं गिऱ्हाईक त्या काळात कोल्हापुरात कुठून येणार? खरं कारण एवढंच, की घरात एकट्यानं पितळी पुढ्यात ओढली की घास घशाखाली उतरत नसे. गाडीत उतरायचा. गाडी पहिल्यापासूनच मुकी होती, तिचं काही वाटत नव्हतं. घर मात्र एकेकाळी बोलायचं.

ते बोलायचं विठाबाईमुळं. विठाबाई म्हणजे त्याची बायको. तिनं दारातून नवऱ्याला हाक मारली की गल्लीतली चार माणसं 'ओ' द्यायची, असा आवाज. संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं त्याच साली ती तापानं गेली. जाताना तिनं दागिना मागितला नाही की काशी मागितली नाही. म्हणाली, "हौसाचं पयलं बाळंतपण हितंच झालं पायजे, आपल्या घरात. मी न्हाई म्हणून पोरीचं म्हायार बंद करू नगासा." हौसा ही त्यांची एकुलती एक लेक. जोतीरामनं मान हलवली. बायको हयात असताना त्यानं तिचं फारसं ऐकलं नव्हतं, पण हे एक ऐकायचं असं त्यानं मनाशी घट्ट धरलं.

गाडीची गोष्ट निराळी. जोतीरामनं उमेदीची सगळी वर्षं एका इनामदारांची मोटार चालवण्यात घालवली होती. विलीनीकरणानंतर काही वर्षांनी इनामदारांनी कोल्हापूर सोडलं आणि पुणं गाठलं. जाताना बंगल्यातली झुंबरं नेली, चांदीची भांडी नेली, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा नेला. जुनी मोटार मात्र लांबूनच न्याहाळली आणि म्हणाले, "ही तूच ठेव जोतीराम. तिला तुझ्याशिवाय कोण विचारतंय?" हे बक्षीस होतं की ब्याद टाळणं होतं याचा विचार जोतीरामनं केला नाही. त्यानं गाडीला हार घातला, भाड्याचा परवाना काढला आणि तो स्टँडवर जाऊन उभा राहिला.

पुढं हौसाचं लग्न होऊन ती मुरगूडला नांदायला गेली. जावई आकाराम, ऊसवाला माणूस, घरचं गुऱ्हाळ. घर चांगलं होतं, यात वाद नाही. पण ती गेली त्या दिवसापासून जोतीरामची भाकरी गाडीत सुरू झाली.

हौसाला दिवस गेले त्या वर्षी गणपती गेल्यावर जोतीराम गाडी घेऊन मुरगूडला गेला आणि हौसाला बाळंतपणाला न्यायचं बोलणं काढलं. आकारामची आई अंबूबाई सोप्यात बसली होती. बाई वाईट नव्हती. पोटात एक आणि ओठांत एक असं तिला जमायचं नाही, एवढंच.

"पावणं, तुमच्यात बाईमाणूस कोण हाय?" तिनं विचारलं.

"शेजारची आक्का हाय की. निम्म्या पेठंची बाळंतपणं तिनंच केल्याती. रातंदीस आमच्यातच ऱ्हातो म्हणालीया."

"आन न्हेणार कशातनं?"

"मोटारीतनं!" जोतीरामनं ऐटीत दाराबाहेर हात केला. दारात मोटार उभी होती, आणि बंद करायचं राहिलेल्या इंजिनातून निळा धूर निघून शेजारच्या गोठ्यात शिरत होता. आतली म्हैस शिंकली.

"ह्या धुराड्यातनं?" अंबूबाई म्हणाली. "वासानंच वकाय लागंल की पोरगी. आदी ते नीट करा. आन बगा, दसऱ्यापातुर तिला सातवा हाय. दसऱ्याला दीस मावळायच्या आत या आन घिऊन जावा. आठव्यात गरवार बाईला येस ओलांडू देत न्हाई आमी. मग कोण का येईना."

हौसा गाडीपर्यंत पोचवायला आली. तिनं पाण्याचा तांब्या आणला होता, पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणी घ्यायचं नाही हा जोतीरामच्या घरचा रिवाज. तिलाही ते माहीत होतं, तरी आणला होता. "आबा, येतायसा न्हवं?" ती म्हणाली. "मी सकाळधरनं बोचकं बांधून बसतो बगा." जोतीराम हसला आणि कोरड्या घशानं कोल्हापूरला आला.

आता हा धूर कसा घालवायचा? लक्ष्मीपुरीत अण्णांचं मोटारीच्या सुट्या सामानाचं दुकान होतं. अण्णांनी तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली, बोटानं चोळली आणि तोंड वाकडं केलं. "जोतीराम, तुझ्या इंजिनात तेल नाही, चिखल आहे. वर्षानुवर्षं जळकं तेल आत साचून त्याचं डांबर झालंय. धूर येईल नाही तर काय होईल?" मग त्यांनी फळीवरून एक डबा काढला. मुंबईहून नवीन आलेलं, तेलात मिसळायचं औषध. आतला गाळ ते सोडवतं म्हणे.

"नीट ऐक," अण्णा म्हणाले. "इंजिन गरम असताना हे घालायचं. एक चहा पिऊन होईतोवर गाडी जागेवरच चालू ठेवायची. मग लगेच खालचा नट काढून सगळं तेल बाहेर. लगेच! मुरू द्यायचं नाही. गाळ सुटला आणि आतच राहिला तर तेल ओढायच्या जाळीवर जाऊन बसतो. मग आधीचा धूर परवडला म्हणशील."

जोतीरामला हे सगळं कळलं. त्याला कळलं नव्हतं असं कुणी म्हणू नये. जे झालं ते न कळल्यामुळं झालं नाही.

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी. त्यामुळं त्याला उसंत मिळाली ती थेट खंडेनवमीला. त्या दिवशी गाड्या बंद. स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर गाड्या धुतात, आणि पाने, जॅक, हँडल अशी सगळी हत्यारं पिंपळाखाली घोंगडीवर मांडून त्यांची पूजा करतात. पूजा झाली की हत्यारं दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायची नाहीत. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांनी बसायचं. जोतीरामच्या मनात आलं, सगळे गाड्या बाहेरून धुतात, आपली आतूनही धुऊ. देवापुढं आत घाण ठेवून गाडी कशी उभी करायची? पूजा सांगणारे गुरुजी दरवर्षी उन्हं चढल्याशिवाय यायचे नाहीत, तेव्हा वेळ भरपूर होता.

त्यानं आपली हत्यारांची पेटी घोंगडीवर नेऊन ठेवली, फक्त चेंबरच्या नटाचा पाना जवळ ठेवला. चेंबर म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं. गाडी गरम केली, औषध ओतलं. इंजिन आधी खोकलं, मग भसाभस धूर सोडायला लागलं. जोतीरामनं चहा मागवला. चहा आला, आणि चहाच्या मागोमाग गुरुजीही आले. त्यांना त्या दिवशी आणखी तीन कारखान्यांतल्या पूजा सांगायच्या होत्या, म्हणून या वर्षी लवकर.

"बंद कर ते इंजान," गणपतराव ओरडला. गणपतराव स्टँडवरचा सगळ्यांत जुना ड्रायव्हर, आणि पूजेचा मानकरी. "मंत्र ऐकू येईना झाल्यात."

जोतीरामनं इंजिन बंद केलं. गणपतराव जवळ आला, त्यानं जोतीरामच्या हातातला पाना काढून घेतला आणि घोंगडीवर बाकीच्या हत्यारांत ठेवला. गुरुजींनी हळदकुंकू वाहिलं. नारळ फुटला. खोबरं वाटून झालं तसा जोतीराम घोंगडीपाशी गेला आणि वाकला.

"काय करतूस?"

"एक नट काढायचा हाय, गणपतराव. आत औशीद घाटलंय. ते लगीच काढाय लागतंय."

"लगीच न्हाई आन फिगीच न्हाई. हत्यार बसलंय. उद्या सकाळी काढ."

"उद्यापातुर इंजान खराब हुईल."

गणपतरावानं आवाज खाली आणला. तो ओरडला असता तर जोतीराम भांडला असता. "जोत्या, पोरगीला बाळंतपणाला आणाय चाललास न्हवं उद्या? आन आज बसलेलं हत्यार उचलतूस? तुझं तू बघ बाबा. मी अडवत न्हाई."

बस्स, एवढंच. जोतीरामचा हात होता तिथंच थांबला. त्याला विठाबाई आठवली, हौसाचं वाढलेलं पोट आठवलं. इंजिनाचं काय, ते लोखंडाचं. पण लेकीला काही झालं तर तोंड कुणाला दाखवायचं? दुसऱ्याचा पाना मागावा म्हटलं, तर त्या दिवशी अख्ख्या कोल्हापुरात एकही पाना मोकळा नव्हता. सगळे हळदकुंकू लावून घेऊन बसले होते. तो मागं फिरला. एका दिवसानं काय होतंय, असं स्वतःला बजावत संध्याकाळपर्यंत गाडीभोवती घुटमळला. बॉनेट हळूहळू गार होत गेलं.

घरी आक्कानं बाज नव्यानं विणून ठेवली होती. कोपऱ्यात शेगडी, डबीत डिंक, अळीव. आणि विठाबाईच्या जुन्या लुगड्यांची तिनं एक वाकळ शिवली होती. "गाडीत मागं आंथर," ती म्हणाली. "पोरीला हादरं बसाय नगोत." वाकळेत विठाबाईचं हिरवं लुगडं होतं, जत्रेला नेसायची ते. जोतीराम बराच वेळ त्या हिरव्या तुकड्यावर हात ठेवून बसला. घरात कुणीतरी येणार आहे हे त्या दिवशी त्याला पहिल्यांदा खरं वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी त्यानं पाना उचलला आणि चेंबरचा नट काढला. आतून पाण्यासारखं पातळ, काळंकुट्ट तेल भळाभळा आलं. मधूनच शेवाळासारखे गोळे येत होते. जोतीराम खूश झाला. केवढी घाण निघाली! आता खरं म्हणजे चेंबर उतरवून जाळी बघायला हवी होती. पण चेंबर उतरवलं की मधलं पॅकिंग फाटतं, ते नवं लागतं, आणि दसऱ्याच्या दिवशी लक्ष्मीपुरीत कुणाचं दुकान उघडं असणार? शिवाय दिवस मावळायच्या आत मुरगूड गाठायचं होतं. शेवटचा थेंब गळेतोवर दुपार कलली. एवढं निघालंय म्हणजे सगळंच निघालं असणार, असं म्हणून त्यानं नट आवळला आणि आणून ठेवलेलं नवं तेल भरलं.

गाडी सुरू केली आणि त्याचा विश्वासच बसेना. धूर नाही, आवाज नाही. मागच्या जागेवर वाकळ अंथरून, खिशात आपट्याची पानं घेऊन तो निघाला. वाटेत माणसं नवे फेटे बांधून चाललेली. "चाललीस न्हवं माझी बाय," तो गाडीला म्हणाला. मग मागं वळून रिकाम्या वाकळेला म्हणाला, "हादरं बसत न्हाईत न्हवं?" माणूस फार दिवस एकटा राहिला की असं बोलतो, आणि आपण बोलतोय हे त्याला कळतही नाही.

कागल मागं पडलं आणि समोरच्या घड्याळात तेलाच्या दाबाचा काटा हळूहळू खाली यायला लागला. जोतीरामनं गाडी थांबवली, पट्टी ओढून पाहिली. तेल भरपूर होतं, मधासारखं स्वच्छ. काटाच म्हातारा झालाय, असं म्हणून तो पुढं निघाला. तेल होतं, पण ते खाली चेंबरात. रात्रभर मुरलेला गाळ जाळीवर जाऊन बसला होता आणि वर इंजिनाला थेंब मिळत नव्हता. निढोरीच्या अलीकडं आतून ठोका यायला लागला. टक, टक, मग ठक, ठक. जोतीरामनं पेडलवरचा पाय काढला, पण उशीर झाला होता. एक कर्कश आवाज झाला आणि इंजिन जागच्या जागी आवळलं.

त्यानं हँडल लावलं. हँडल तसूभर फिरेना. दोन्ही हातांनी, मग खांद्यानं, मग सगळ्या अंगाचा भार टाकून पाहिला. उसाच्या फडातून पोपटांचा थवा उडाला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दसऱ्याच्या दिवशी गावाबाहेर कोण असणार? सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता. जोतीरामनं वाकळ काढून खांद्यावर टाकली आणि चालायला, खरं म्हणजे पळायला, सुरुवात केली.

तो मुरगूडला पोचला तेव्हा घरात दिवा लागला होता. हौसा सोप्याच्या पायरीवर बसली होती. नवं लुगडं, केसांत झेंडू, मांडीजवळ बोचकं. तिनं आधी बापाकडं पाहिलं, मग त्याच्या मागं रस्त्यावर पाहिलं. मग परत बापाकडं पाहिलं. अंबूबाई बाहेर आली. तिला काही विचारावं लागलं नाही.

"दीस मावळला, पावणं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "सकाळधरनं बसलीया ती हितं. जेवाय उठली न्हाई, म्हणं आबा येतील. मी काय करू सांगा."

जोतीरामनं सगळं सांगितलं. आकाराम ऐकत होता. "मामा, गुऱ्हाळातबी तसंच हाय की," तो हळू म्हणाला. "उकळत्या रसात भेंडीचं पाणी घाटलं की मळी वर येती. ती तवाच काढाय लागती. न्हाई काढली तर समदी काहील वाया जाती." मग सासऱ्याचं तोंड बघून तो पाणी आणायला आत गेला.

हौसानं बोचकं उचललं आणि बापासमोरच सोडलं. दोन लुगडी, फणी, बाळासाठी शिवलेलं टोपडं. एकेक वस्तू काढून तिनं बाजूला ठेवली. मग ती म्हणाली, "आबा, धूर येत हुता तर येऊ द्यायचा हुता. मी काय धुराला भितो व्हय? रोज चुलीम्होरंच बसतो की. तसंच यायचं हुतंसा."

जोतीरामनं खिशातली आपट्याची पानं काढून तिच्या हातात दिली. पानं घामानं चिंब झाली होती. वाकळ तिच्या मांडीवर ठेवली. तिनं ते हिरवं लुगडं ओळखलं, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही. आकाराम पाणी घेऊन आला. जोतीराम तहानेनं व्याकूळ झाला होता, पण त्यानं पाणी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी आकारामच्या बैलांनी गाडी ओढत कोल्हापूरला आणली. पुढं गाडीवान बैल हाकत होता आणि मागं जोतीराम मेलेल्या गाडीचं चक्र धरून बसला होता. दिवसभर त्याला फक्त घुंगरं ऐकू येत होती.

मंगळवार पेठेत शिरले तेव्हा तिन्हीसांज झाली होती. आक्का दारात उभी होती. हातात ताम्हन, त्यात हळदकुंकू आणि लेकीवरून ओवाळून टाकायचा भाकरीचा तुकडा. तो आदल्या दिवसाचाच होता, कडक झालेला. बैल बघून ती चमकली. मग गाडीपाशी आली आणि मागच्या जागेवर डोकावली. पोरगी नव्हती. वाकळही नव्हती.

"जोती, हौसा?"

"आठवा लागला, आक्का."

आक्कानं ताम्हन नीट धरलं. मग म्हणाली, "खाली उतर." जोतीराम उतरला. तिनं भाकरीचा तुकडा त्याच्याच तोंडावरून ओवाळला आणि रस्त्यापलीकडं टाकला. त्याच्या पायांवर पाणी घातलं. "चल आत. आज घरात जेव."

तो आत गेला. आक्कानं पितळी पुढ्यात सरकवली. नव्या विणलेल्या बाजेकडं पाठ करून तो पाटावर बसला आणि त्यानं पहिला घास घेतला. घास तोंडात फिरत राहिला. उठावं आणि गाडीत जाऊन बसावं असं एकदा त्याच्या मनात आलं. पण मागची जागा रिकामी ठेवून पुढं बसणं आता त्याच्यानं होणार नव्हतं. तो तिथंच बसून राहिला, आणि आक्का बघते आहे म्हणून त्यानं घास गिळला.